सगळ्या डिस्क पास, बॅलन्सही केल्या, तरी जोडल्यावर रोटर वाकडा का येतो?

प्रश्न थोडक्यात असा होता की जेट इंजिनच्या कॉम्प्रेसरच्या सगळ्या डिस्क इन्स्पेक्शनमध्ये पास झाल्या, प्रत्येक डिस्क वेगवेगळी बॅलन्स पण केली, मग एकावर एक ठेवून बोल्ट आवळल्यावर वरच्या टोकाचा रनआउट (एका फेऱ्यात डायलचा काटा एकूण किती हलतो ते) लिमिटबाहेर का जातो. आणि दुसरा भाग असा की शेवटी पूर्ण रोटर, म्हणजे जोडलेल्या सगळ्या डिस्क, बॅलन्सिंग मशीनवर जाणारच आहे तर डिस्क उचल, फिरव, परत बसव यात अख्खी शिफ्ट कशाला घालवायची. विचारणाऱ्यांनी असेंब्लीत नुकतंच काम सुरू केलंय असं लिहिलंय, म्हणून मुळापासून सांगतो. माझं बरंचसं काम इंजिन ओव्हरहॉलमधे रोटर जोडण्याचंच झालंय.

आधी सरळ उत्तर. रनआउट बाहेर जातो तो बहुतेक वेळा फेसमुळे, म्हणजे डिस्क ज्या सपाट बाजूवर टेकते तिच्यामुळे, व्यासामुळे नाही, आणि नवीन माणूस नेमका व्यासाकडे बघत बसतो. आणि बॅलन्सिंगने वाकडा रोटर सरळ होत नाही. तो वाकडाच राहतो, फक्त त्याचा धक्का बेअरिंगला कमी जाणवतो, आणि तेही जोपर्यंत रोटर ताठ राहतो तोपर्यंतच. या दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्या की बाकी सगळं त्यातूनच निघतं.

आता हिशेब करून बघा. समजा खालच्या डिस्कची वरची फेस तिच्या खालच्या फेसला अगदी समांतर नाहीये, २५० मिमी व्यासावर ८ मायक्रॉनचा फरक आहे, ड्रॉइंगला १० चालतात म्हणजे पार्ट पास. त्या जॉइंटच्या वर ७०० मिमी उंचीचा रोटर उभा राहणार आहे. ८ भागिले २५० गुणिले ७००, म्हणजे वरच्या टोकाचं केंद्र साधारण २२ मायक्रॉन बाजूला गेलं, आणि डायल लावून फिरवलं की काटा त्याच्या दुप्पट, ४५ च्या आसपास दाखवणार. उलट याच डिस्कच्या स्पिगॉटचा (एक डिस्क दुसरीत बसवणाऱ्या गोल खांद्याचा) रेडियल रनआउट १० मायक्रॉन असेल तर केंद्र सरकलं फक्त ५ नी, आणि ते वरपर्यंत ५च राहतं, उंचीबरोबर वाढत नाही. ज्यांनी जुन्या घरात उतरंड रचलेली पाहिली असेल त्यांना हे लगेच कळेल, तळाचं मडकं जरासं कललं की तो कल वरच्या प्रत्येक मडक्यात जातो आणि सगळ्यात वरचं कुठल्या कुठे गेलेलं दिसतं. म्हणून खालच्या जॉइंटची फेस सगळ्यात महत्त्वाची, आणि जितकं वर जाल तितकी तीच चूक कमी नडते.

आता यावर दुसरी डिस्क ठेवा, तिच्याही फेसमधे तेवढाच ८ मायक्रॉनचा फरक, आणि तिच्या वर राहिलेली उंची ५०० मिमी. तिचा वाटा १६ मायक्रॉन. दोन्ही डिस्कचे हाय स्पॉट (फेसची सगळ्यात उंच जागा) एकाच बाजूला आले तर २२ आणि १६ मिळून ३८, डायलवर ७७ च्या आसपास. दुसरी डिस्क अर्धा फेरा फिरवून बसवली तर २२ वजा १६, म्हणजे ६, डायलवर १३. तेच दोन पार्ट, तीच मशीनिंग, एकही मायक्रॉन मटेरियल काढलं नाही, फक्त फिरवून बसवलं. यालाच आपल्याकडे सगळे क्लॉकिंग म्हणतात, आणि तुमचे सीनियर ज्यात शिफ्ट घालवतात ते हेच.

हाय स्पॉटसमोर लो स्पॉट, १८० अंश, हा जुना नियम दोन पार्टपर्यंत बरा चालतो, पुढे फसवतो. कारण प्रत्येक जॉइंटची वरची उंची वेगळी, चूक वेगळी, त्यामुळे दोन चुका एकमेकींना पूर्ण मारत नाहीत, काहीतरी शिल्लक राहतंच आणि त्या शिलकीची दिशा तिसऱ्या डिस्कला सांभाळायची असते. ही वेक्टरची बेरीज आहे. जॉइंटमधे २४ बोल्टची भोकं असतील आणि असे ४ जॉइंट असतील तर बसवण्याच्या शक्यता होतात ३,३१,७७६, हे हाताने करणं शक्य नाही, म्हणून मापं कॉम्प्युटरला देऊन त्याच्याकडून पोझिशन काढून घेतात. पण सॉफ्टवेअर काय म्हणतंय ते कळण्यासाठी एकदा तरी तीन डिस्कचं गणित कागदावर करा, ग्राफ पेपरवर बाण काढून. मी नवीन मुलांना हे करायला लावतो आणि ज्याने केलं त्याला नंतर स्क्रीनवरचा चुकीचा आकडा बघताक्षणी खटकतो.

इथे एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी चुकीची केली जाते. सगळं लक्ष वरच्या टोकाच्या रनआउटवर, टोक लिमिटमधे आलं की खूश. अहो पण रोटर फिरतो तो दोन बेअरिंगमधल्या रेषेभोवती. टोकं दोन्ही बरोबर असतील आणि मधला भाग ३० मायक्रॉन एका बाजूला फुगलेला असेल तर तुमच्या रिपोर्टला तो पास दिसेल आणि इंजिनला तो वाकडाच असेल. म्हणून बघायचं काय, तर खालच्या आणि वरच्या बेअरिंग जर्नलची (रोटरच्या बेअरिंगमधे बसणाऱ्या भागांची) केंद्रं जोडणारी रेषा काढायची आणि प्रत्येक डिस्कचं केंद्र त्या रेषेपासून किती लांब आहे ते बघायचं. त्यातही जड डिस्कला जास्त महत्त्व द्यायचं, कारण जोर वजनाप्रमाणे वाढतो. टर्बाइनची भरभक्कम डिस्क ५ मायक्रॉन सरकलेली आणि पुढची हलकी डिस्क १० सरकलेली यात पहिली जास्त त्रास देऊ शकते.

आता जोर किती ते सांगतो म्हणजे बॅलन्सिंगच्या प्रश्नाचं उत्तर होईल. सीएफएम५६ चं उदाहरण घेऊ, आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या ए३२० आणि ७३७ वर हेच इंजिन आहे. त्याच्या एचपी, म्हणजे हाय प्रेशर, कॉम्प्रेसरला ९ स्टेज (ब्लेडच्या रांगा), १ आणि २ नंबरचा मिळून एक स्पूल (ड्रमसारखा एकसंध तुकडा), ३ नंबरची वेगळी डिस्क, ४ ते ९ चा एक अखंड स्पूल, आणि हे ३ नंबरपाशी बोल्टने एकत्र येतात. १०० टक्के स्पीड आहे १४,४६० आरपीएम, सेकंदाला २४१ फेरे. आता हिशेबापुरती ४० किलोची एक डिस्क धरा, ती रेषेपासून २० मायक्रॉन बाजूला आहे. या स्पीडला जोर येतो जवळपास १,८३० न्यूटन, म्हणजे साधारण १८५ किलोचं वजन, सेकंदाला २४१ वेळा दिशा बदलणारं. २० मायक्रॉन म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी कमी जाडी.

हाच रोटर बॅलन्सिंग मशीनवर १००० आरपीएमला फिरवा. जोर स्पीडच्या वर्गाप्रमाणे कमी होतो, तिथे तो उरतो जेमतेम ९ न्यूटन. मशीनला एवढंच दिसतं की बेअरिंगवर अमुक अनबॅलन्स आहे, ते तुम्ही दोन करेक्शन प्लेनमधे (वजन लावायला टोकांजवळ ठरवलेल्या जागांवर) वजन लावून शून्य करता, कागद स्वच्छ. पण चूक मधल्या डिस्कमधे होती आणि वजन लावलं दोन टोकांना. पूर्ण स्पीडला मधे एका बाजूला ओढणारा जोर आणि दोन टोकांना उलट बाजूला ओढणारे जोर, बेरीज शून्य, पण तिघं मिळून रोटर वाकवतात. रोटर वाकला की डिस्क आणखी बाजूला जाते, जोर आणखी वाढतो. म्हणून लो स्पीडला अगदी सुंदर बॅलन्स झालेला रोटर टेस्ट सेलमधे (इंजिन चालवून बघायच्या खोलीत) एका ठरावीक स्पीडच्या वर व्हायब्रेशन दाखवायला लागतो आणि मग सगळे बॅलन्सिंगवाल्यांना धरतात. त्यांची चूक नसते, रोटर आला तेव्हाच वाकडा होता. बॅलन्सिंगच्या आयएसओ २१९४० मानकात, म्हणजे जुन्या आयएसओ १९४० मधे, विमानाच्या गॅस टर्बाइनला साधारण जी ६.३ ग्रेड धरतात, १४,४६० आरपीएमला त्याचा अर्थ होतो की वजनाचं केंद्र फिरण्याच्या अक्षापासून साधारण चार मायक्रॉनच्या आत हवं. एवढा बारीक आकडा गाठायचा असेल तर जोडतानाच रोटर सरळ हवा, नाहीतर एवढं वजन लावावं लागतं की करेक्शनची जागाच पुरत नाही.

आणि व्हायब्रेशन हा एकच मुद्दा नाही. रोटर वाकडा म्हणजे ब्लेडची टोकं एका बाजूला केसिंगला घासणार, दुसऱ्या बाजूला गॅप वाढणार. एचपी टर्बाइनमधे टिप क्लिअरन्स (ब्लेडचं टोक आणि केसिंग यातला गॅप) ०.२५ मिमीने कमी केला तर इंधन सुमारे १ टक्का वाचतं असा हिशेब धरतात, यावरून उलट बाजूचं नुकसान काय असेल ते समजा. बॅलन्सिंगमधे हे कुठेच दिसत नाही.

आता मोजमाप, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात. पार्ट रोटरी टेबलवर ठेवला, डायल लावला, एक फेरा फिरवला, काटा १२ मायक्रॉन फिरला, शीटवर १२ लिहिलं. या १२ चा उपयोग जवळजवळ शून्य आहे. कारण त्यात पार्टची एका बाजूला सरकण्याची चूक आहे, लंबगोलपणा आहे, टेबलवर पार्ट जरा कललेला बसला असेल तर तेही आहे, कुठे बारीक निक (टोचा, ओरखडा) असेल तर तोही आहे, सगळं एकत्र. क्लॉकिंगला यातला फक्त पहिला भाग हवा, म्हणजे एका फेऱ्यात एकदा वर आणि एकदा खाली जाणारा. दोनदा वर-खाली जाणारा भाग म्हणजे लंबगोल, आणि तीनदा जाणारा दिसला तर बहुतेक वेळा समजायचं की कुणीतरी तीन जबड्यांच्या चकमधे जोरात आवळून पार्ट टर्न केलाय, चकमधून सुटल्यावर तो मोकळा झाला आणि तीन ठिकाणी फुगला. असा लंबगोल किंवा तीन फुगवटे कितीही फिरवून बसवले तरी केंद्र सरकवत नाहीत, पण काट्यावर दिसतात आणि नवीन माणूस त्यांच्या मागे लागतो.

हे वेगळं करणं अवघड नाही. सारख्या अंतरावर १२ किंवा २४ ठिकाणी रीडिंग घ्या, झिरो होलपासून (मोजायला सुरुवात करायचं ठरलेलं भोक) अँगल मोजा. प्रत्येक रीडिंगला त्या अँगलच्या कोसाइनने गुणून सगळ्यांची बेरीज करा, ती २ ने गुणून रीडिंगच्या संख्येने भागा, हा झाला एक्स. तसंच साइनने करून वाय. एक्स आणि वाय मिळून बाण तयार होतो, त्याची लांबी म्हणजे केंद्र किती सरकलंय आणि दिशा म्हणजे कुठल्या बाजूला. फेसवर हेच केलं की जी लांबी येते तिला डायल ज्या त्रिज्येवर लावलाय तिने भागा, कल मिळतो. स्प्रेडशीटमधे दहा मिनिटांचं काम आहे. एअर बेअरिंगचं टेबल आणि चार प्रोब असलेलं मशीन आतून हेच करतं, फक्त हजारो रीडिंग घेऊन.

फेसच्या बाबतीत मात्र दोनदा वर-खाली जाणारा भाग सोडून देऊ नका. दोन फेसना प्रत्येकी दोन उंच आणि दोन खोल जागा असतील, आणि उंचावर उंच आलं, तर डिस्क फक्त दोन ठिकाणी टेकते, मधे गॅप राहतो, मग बोल्ट आवळताना डिस्क वाकून तो गॅप भरते आणि तो ताण आत कायमचा राहतो. अशा वेळी सॉफ्टवेअरने सांगितलेल्या पोझिशनऐवजी दुसरी एखादी पोझिशन घेतलेली बरी, जिथे उंचासमोर खोल येतं.

तापमानाबद्दल. मापाचं तापमान २० अंश सेल्सिअस हे ठरलेलंच आहे, पण आकडा पाळण्यापेक्षा सगळे पार्ट एकाच तापमानाला असणं जास्त महत्त्वाचं. इन्कोनेल ७१८ ची ३०० मिमी व्यासाची स्पिगॉट १ अंशाला जवळजवळ ४ मायक्रॉन वाढते. वॉशिंगमधून आलेला कोमट पार्ट लगेच टेबलवर घेतला, किंवा टेबल खिडकीशेजारी आहे आणि पार्टच्या एका अंगावर ऊन पडतंय, तर तुम्ही जे मोजताय ते ऊन मोजताय. पार्ट रात्रभर त्याच खोलीत राहू द्या आणि उघड्या हाताने धरून बसू नका.

आता जॉइंटकडे. मुख्य प्रकार दोन, एक म्हणजे सपाट फेस आणि इंटरफिअरन्सवाली (भोकापेक्षा किंचित मोठी, म्हणून घट्ट बसणारी) स्पिगॉट, दुसरा दात्यांचा, म्हणजे कर्विक किंवा हर्थ. कर्विक कपलिंग १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लीसन वर्क्सने आणलं, दाते वक्र असतात आणि दोन्ही बाजूचे दाते एकमेकांत बसून आपोआप सेंटर होतात. हर्थचे दाते सरळ असतात. दात्यांचा मोठा फायदा असा की डिस्क तापून फुगली तरी दाते एकमेकांवर आत-बाहेर सरकतात पण सेंटर हलत नाही. सीमेन्सच्या मोठ्या पॉवर प्लांट मशीनमधे हर्थचे दाते आणि मधून एकच टाय रॉड (सगळ्या डिस्क आवळून धरणारा दांडा), तर जीईच्या फ्रेम मशीनमधे, दाभोळच्या प्लांटला ९एफए आहेत बघा, १८ स्टेजचा कॉम्प्रेसर लांब थ्रू बोल्टने आवळलेला. दात्यांच्या जॉइंटला ब्लू (निळा रंग) लावून दाते कुठे टेकतात ते मॅचिंग बघायचं, आणि दात्याच्या कडेला उठलेला बर (धातूची बारीक धार) किंवा डिंग (ठोकल्याची खूण) दिसला तर तो मॅन्युअलच्या लिमिटमधे स्टोनने काढायचा, एका दात्यावरचा बर अख्खी डिस्क उचलून धरतो. दाते कितीही छान असले तरी त्यांचा कल चुकलेला असेल तर वर सांगितलेलं सगळं गणित तिथेही लागू आहेच.

स्पिगॉटवाल्या जॉइंटमधे खरी परीक्षा बसवताना असते. बाहेरचा पार्ट ओव्हनमधे तापवायचा किंवा आतला लिक्विड नायट्रोजनमधे थंड करायचा, किंवा दोन्ही. उणे १९६ अंशाला ३०० मिमीचा इन्कोनेलचा पार्ट अर्ध्या मिलीमीटरहून जास्त आकसतो, म्हणजे बसायला भरपूर जागा मिळते, हाताने अलगद बसतो आणि माणूस निवांत होतो. गडबड पुढे होते. तापमान सारखं होताना स्पिगॉट व्यासावर आधी पकडते, आणि त्या क्षणी फेस पूर्ण टेकलेली नसेल तर डिस्क तिथेच अडकते, आणि एका बाजूला जास्त अडकते. म्हणून बसवल्याबरोबर प्रेसने किंवा ठरलेल्या बोल्टने दाबून धरायचं आणि दोन्ही पार्ट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दाब सोडायचा नाही, घाई करायची नाही. थंड पार्टवर हवेतली वाफ गोठून बर्फ जमतो, तो फेसवर राहिला तर तोच शिम (मधे घातलेली पातळ पट्टी) होतो, म्हणून पार्ट नायट्रोजनमधून काढल्यावर वेळ घालवायचा नाही आणि फेस पुसूनच खाली सोडायचा. खड्ड्यात उभं राहून जोडत असाल तर ऑक्सिजन मीटर लावल्याशिवाय उतरू नका, नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, माणूस दोन श्वासात खाली पडतो.

बसलं की नाही हे बघायला सगळे फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालून बघतात. ०.००१५ इंची फिलर जात नाही, म्हणजे बसली, असं म्हणतात. पण ती फिलर ३८ मायक्रॉनची आहे आणि आपलं सगळं भांडण ८ मायक्रॉनवर चाललंय. एका बाजूला ३० चा गॅप असेल तरी ती फिलर आत जाणार नाही आणि तुमचा वरचा रनआउट पार वाया गेलेला असेल. फिलर घाला, पण त्याच्या जोडीला उंची मोजा. जोडण्याआधी दोन्ही पार्टची उंची चार ठिकाणी मोजून ठेवा, जोडल्यावर त्याच चार ठिकाणी एकूण उंची मोजा, बेरीज जुळली पाहिजे. माझ्या बघण्यात अचानक आलेल्या रनआउटचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं, डिस्क चांगली, गणित बरोबर, पण एका बाजूला न टेकलेली. आणि अजून एक, रनआउट प्रत्येक रोटरला एकाच दिशेला येत असेल, डिस्क कुठल्याही असोत, तर डिस्क सोडा आणि खालची फिक्स्चर प्लेट तपासा, तिच्यावर कुठेतरी निक पडलेला असतो.

बोल्टबद्दल बोललो नाही तर उत्तर अपुरं राहील. टॉर्कचा साधारण ९० टक्के भाग घर्षणात जातो, निम्मा नटखाली आणि बाकी आट्यांमधे, बोल्टला ताण देतो तो उरलेला १० टक्के. म्हणजे वंगण बदललं किंवा एका बोल्टला लावलं आणि दुसऱ्याला लावायचं राहिलं तर टॉर्क रेंच तोच आकडा दाखवेल आणि बोल्टमधला ताण भलताच असेल. शक्य असेल तिथे बोल्टचं स्ट्रेच मोजा, १०० मिमीच्या पोलादी बोल्टमधे ५०० मेगापास्कल ताण आला तर तो पाव मिलीमीटर लांबतो, हे मायक्रोमीटरने छान मोजता येतं. आवळायचं समोरासमोर, दोन-तीन टप्प्यात, आणि शेवटी पहिल्यापासून परत एक फेरा, कारण पुढचे बोल्ट आवळले की जॉइंट दबतो आणि आधीचे सैल पडतात.

आणि एक विनंती. रनआउट थोडासा बाहेर आहे म्हणून एका बाजूचे बोल्ट जास्त आवळून काटा लिमिटमधे आणणारे लोक आहेत. बेंचवर तो येतो, खरंच येतो, फोटोपण छान निघतो. पण तो रोटर सरळ झालेला नाही, जबरदस्तीने वाकवून ठेवलाय, इंजिन एकदा तापून थंड झालं की तो आपल्या जागी परत जातो आणि वरून बोल्टचा ताण असमान राहतो. शिम घालणं, फेसवर एमरी मारणं हेही त्याच लायनीतलं. कुठल्याच पोझिशनला जमत नसेल तर एक डिस्क बदलून बघा, दुसऱ्या सिरियल नंबरची घ्या, किंवा इंजिनियरिंगला विचारा. डिस्क ही लाइफ लिमिटेड पार्ट आहे, म्हणजे ठरावीक वापरानंतर काढूनच टाकायची, ती फुटली तर केसिंग तिला अडवू शकत नाही, म्हणून तिच्यावर मॅन्युअलमधे नसलेलं काहीही करायचं नाही.

हे नुसतं घाबरवायला सांगत नाही. ६ जुलै १९९६ ला फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला डेल्टाच्या एमडी-८८ चं टेकऑफ चालू असताना डाव्या जेटी८डी इंजिनचा फॅन हब फुटला, तुकडे केबिनमधे घुसले, दोन प्रवासी गेले. तपासात निघालं की हबमधलं टाय रॉडचं एक भोक ड्रिल करताना आतला पृष्ठभाग खराब झाला होता, तिथून क्रॅक वाढत गेली, आणि नंतरच्या पेनिट्रंट (क्रॅकमधे शिरणारा द्रव लावून करायच्या) तपासणीतही ती हाती लागली नाही. एक भोक. म्हणून बोल्ट भोकात जात नसेल तर ठोकायचा नाही, रीमर तर हातात घ्यायचाच नाही, काढून बघायचं का जात नाही ते. टायटॅनियमवर कॅडमियम प्लेटिंगची टूल्स वापरायची नाहीत, हॉट सेक्शनच्या पार्टवर साध्या पेन्सिलने खुणा करायच्या नाहीत, मॅन्युअलमधे दिलेला मार्करच घ्यायचा, कारण त्या खुणेतली द्रव्यं तापल्यावर धातूत शिरतात. या गोष्टी पहिल्याच आठवड्यात सांगितल्या जातात आणि तिसऱ्या महिन्यात विसरल्या जातात.

प्रत्यक्षात तुम्हाला प्रत्येक वेळी हवी ती पोझिशन मिळेलच असं नाही. काही जॉइंटला एक भोक मुद्दाम सरकवलेलं असतं, तिथे एकच पोझिशन, फिरवायचा प्रश्नच नाही. मग जिथे मोकळीक आहे त्या जॉइंटवर सगळा भार येतो, म्हणून आधी कुठले जॉइंट बांधलेले आहेत ते लिहून काढा आणि मग सॉफ्टवेअर चालवा. ब्लेडही मोमेंट वेट (वजन गुणिले केंद्रापासूनचं अंतर) बघून लावायच्या असतात, तो क्रम डिस्क जोडायच्या आधीच ठरलेला असेल तर डिस्क फिरवल्यावर त्यांचा हेवी स्पॉटही फिरतो, हे पण गणितात धरायला हवं.

प्रत्येक डिस्क बसवल्यावर थांबून मोजा, सगळा स्टॅक झाल्यावर एकदम नको. सॉफ्टवेअरने सांगितलेला आकडा आणि प्रत्यक्ष आकडा यात दुसऱ्याच जॉइंटला ५-७ मायक्रॉनचा फरक पडला तर तिथेच उघडा, पुढे जाऊन तो वाढणारच आहे. आणि इंजिन ओव्हरहॉलला आलं की रोटर सुटा करायच्या आधी जोडलेल्या स्थितीत रनआउट मोजा आणि प्रत्येक जॉइंटवर पोझिशनची खूण करा. हे फार कमी लोक करतात. व्हायब्रेशनची तक्रार घेऊन आलेला रोटर एकदा उघडला की तो कसा वाकडा होता हे कधीच कळत नाही, सुट्या डिस्क सगळ्या पासच होतात, तुमच्या प्रश्नातल्यासारख्या.

शीटवर काय हवं तर डिस्कचा सिरियल नंबर, फेस आणि स्पिगॉटच्या चुकीची लांबी आणि झिरो होलपासून अँगल, बसल्यावरची चार ठिकाणची उंची, मोजताना पार्टचं तापमान, बोल्टचं स्ट्रेच. आणि अँगल कुठून बघून कुठल्या दिशेने मोजला तेही लिहाच, कारण वरून बघून घड्याळाच्या दिशेने मोजलेले ३० अंश खालून बघणाऱ्याला ३३० दिसतात, पार्ट मशीनवर पालथा ठेवून मोजला असेल आणि हे शीटवर नसेल तर गणित बरोबर असूनही डिस्क चुकीच्या भोकावर बसते.